चार तास आमच्याच ओसरीत गेले

जुलै 2020. लातूर जिल्ह्यात पुन्हा कडक टाळेबंदी होती. अहमदपुरात आमच्या घरी पहाटे साडेपाचला वडीलधाऱ्या बप्पांनी चहा मागितला. कप हातात घेतला आणि तो सुटला. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा, बोलायला गेले तर नुसता घोगरा आवाज.

शेजारचे काका म्हणाले, "वारं गेलंय. दवाखान्यात नेऊ नको. कोरोना वार्डात टाकतेत, परत तोंडबी बघू देत नाहीत." मला ते पटलं. बप्पा सत्तरीतले, बीपी आणि शुगर दोन्ही. कुणी तेल चोळलं, कुणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगितला. उन्हं वर आली की उतरेल, म्हणत थांबलो. साडेनऊ वाजले.

मग गाडी मिळवली. वाटेत नाकाबंदीवर पासची चौकशी झाली. लातूरच्या पहिल्या दवाखान्यात स्वॅबचा रिपोर्ट नव्हता म्हणून घेतलं नाही, दुसऱ्याने घेतलं. सीटी स्कॅन झाला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचे चांगले कधी होते?" मी म्हणालो, "साडेपाचला." ते म्हणाले, "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं."

पुष्कळ दिवस मी नाक्याला आणि त्या पहिल्या दवाखान्याला दोष देत राहिलो. नीट हिशेब केला तेव्हा दिसलं, की पहिले चार तास आमच्याच ओसरीत गेले होते.

असं फक्त आमच्याच घरी घडलं नाही. देशातल्या 13 रुग्णालयांच्या पाहणीत टाळेबंदीच्या काळात लकव्याचे दाखल होणारे रुग्ण 60 टक्क्यांहून जास्त घटलेले आढळले. आजार कमी झाला नव्हता, माणसं भीतीने घरी राहिली होती. दवाखान्यांतही प्रत्येक रुग्ण कोरोनाचा संशयित, प्रत्येक वेळी किट घालायचं, सीटी मशीन पुसून घ्यायचं, खाटा आणि नर्स कोविड वार्डाकडे वळलेल्या. ज्या आजारात मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी दर मिनिटाला मरतात, त्याच्या रुग्णांना हे सगळं फार महाग पडलं.

म्हणून माझ्या चुकीतून शिकलेलं सांगतो.

तोंड वाकडं, एक हात किंवा पाय लुळा, बोलणं अडखळलेलं, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं, यातलं एक जरी दिसलं तरी लकवा धरून चाला. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहा. डॉक्टरांचा निर्णय बराचसा त्या वेळेवर ठरतो.

पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालू नका, ठसका लागून छातीत जातं. रक्त पातळ करणारी गोळी तर मुळीच नको. लकवा गुठळीने होतो तसा रक्तस्रावानेही होतो, आणि दोन्हींतला फरक सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

म्हणून सीटी मशीन रात्रंदिवस चालू असलेला दवाखाना गाठा. आम्हाला लातूर 60-65 किलोमीटर, नांदेड त्याहून थोडं लांब. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन कुठे मिळतं, याची चौकशी आज, घरात सगळे बरे असताना करून नंबर भिंतीवर लिहा. वेळ आली की 108 ला फोन लावा; गाडीला उशीर होतोय दिसलं तर मिळेल त्या वाहनाने निघा. वाटेतून दवाखान्याला कळवा: लकव्याचा पेशंट आणतोय, इतक्या वाजता सुरू झालं. साथ असेल तर स्वॅबचंही तेव्हाच विचारा. आम्ही फोन केला असता तर पहिल्या दारात वेळ गेला नसता.

साडेचार तास उलटले तरी घरी थांबू नका. काही रुग्णांची गुठळी नळी घालून 24 तासांपर्यंतही काढता येते.

आणि बीपीची गोळी. बप्पांची गोळी त्या साथीत तीन आठवडे बंद होती. आणायला बाहेर पडायचं नको म्हणून आम्हीच सोडली. साथीच्या दिवसांत महिन्याची गोळी जास्तीची ठेवा. सरकारच्या ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो.

बप्पा आज आहेत. उजवी मूठ उघडत नाही, माझं नाव अर्धंच निघतं. तुमच्या घरात कुणाचं तोंड वाकडं दिसलं, तर उन्हं वर येण्याची वाट पाहू नका. लगेच निघा.