रेल्वे स्टेशनमुळे गाव वसते का? – किर्लोस्करवाडीची गोष्ट



1878 मध्ये मनमाडचा मार्ग जोडला गेला आणि दौंड जंक्शन झाले. त्यामुळे "रेल्वे आली की गाव मोठं होतं" असे आपल्याकडची मुले चटकन सांगतात. पण शिरूरला तर आजही रेल्वे नाही! मग गाव कशाने वाढते? हे समजावताना मी मुलांना किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (1869–1956) मुंबईत तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलचे दुकान होतेच. पुढे त्यांनी कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवले. पण लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने सुरुवातीला शेतकरी नांगर घेईनात. त्यातच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली.

अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली, शिवाय 10,000 रुपये कर्जाऊ दिले. जमीन कसली, निवडुंगाचे माळरान! सापांचा सुळसुळाट. पण शेजारी रेल्वे होती. कोळसा आणि कच्चे लोखंड आणायचे, तयार नांगर बाहेर पाठवायचे, तर स्टेशन जवळ हवेच.

1910 मध्ये तिथे कारखाना उभा राहिला. कामगारांसाठी घरे झाली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी राखणीचे काम दिले. ज्यांना गाव दारात उभे करत नव्हते, त्यांच्याच हाती राखण! पुढे स्टेशनचे नावही किर्लोस्करवाडी झाले. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे.

लक्षात घ्या, स्टेशन तर आधीपासूनच होते. माळ मात्र ओसाडच होता. रेल्वेने सोय केली. गाव वसले ते जमीन, काम आणि माणसांवरचा विश्वास एकत्र आल्यावर.

वर्गात शेवटी हा प्रश्न नक्की विचारा: जमीन राजांची, कल्पना लक्ष्मणरावांची, घाम कामगारांचा, मग गाव कोणी वसवलं? उत्तर लगेच सांगू नका. मुलांना भांडू द्या. आणि घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा, "आपलं गाव कशामुळे वाढलं?"