भाला आधी, मंत्र मागाहून

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. एक जण कथा चालवतो, बाकीचे आपापले पात्र बोलतात, आणि वार बसला की चुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. त्यातील योद्ध्यास तिसऱ्या पायरीवर थोडी जादू शिकता येते. २०१४ च्या नियमपुस्तकात अशा योद्ध्याला ‘एल्ड्रिच नाइट’ म्हटले आहे. हे पात्र उभारणे म्हणजे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ओळखीचा प्रश्न आहे : साधने मोजकी, गरजा अनेक.

नमुन्यादाखल ग्वाल्हेरच्या शिंदेशाहीतील एक काल्पनिक शिलेदार घेऊ. महादजी शिंदे यांचा पाय १७६१ साली पानिपतावर जायबंदी झाला. तरी १७८३ साली त्यांनी गोहदच्या राण्याकडून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. आपला शिलेदारही पायाने अधू असावा.

अंदाजपत्रक : बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, विवेक व प्रभाव असे सहा गुण. प्रत्येक ८ पासून सुरू होतो आणि वाटायला २७ गुणांक मिळतात. १३ पर्यंत प्रत्येक वाढीस एक गुणांक पडतो; १४ व १५ साठी प्रत्येकी दोन. वाढत्या सीमांत खर्चाचा नियम तो हाच!

नवखा खेळाडू बळ, काटकपणा व बुद्धी तिन्ही १४ करतो. त्यात २१ गुणांक जातात आणि तो ना पुरता योद्धा होतो, ना पुरता मांत्रिक. आपली वाटणी अशी : बळ १५ (खर्च ९), काटकपणा १५ (९), बुद्धी १२ (४), विवेक १२ (४), प्रभाव ९ (१), चपळाई ८ (०). बेरीज २७. जड चिलखताच्या संरक्षणात चपळाई धरली जात नाही, म्हणून अधू पायाचा तोटा तेथे जाणवत नाही.

बुद्धी १२ वर कशी भागेल? शत्रूवर टाकायच्या बहुतेक मंत्रांना बुद्धी लागते. स्वतःला राखणाऱ्या मंत्रांना सहसा लागत नाही. तिसऱ्या पायरीवर मांत्रिकाला रोज सहा मंत्र टाकता येतात, आपल्याला दोनच. म्हणून ‘शील्ड’ हा मंत्र घ्यावा. साखळीच्या चिलखताचे संरक्षण १६. फाशात ५ मिळवणारा शत्रू वीसपैकी दहा वेळा वार बसवील. वार बसतो असे दिसताच ‘शील्ड’ म्हटला की संरक्षण २१ होते, आणि तोच शत्रू वीसपैकी पाचच वेळा यशस्वी होतो. जोडीला ‘लाँगस्ट्रायडर’ घ्यावा. त्याने तासभर चाल दहा फुटांनी वाढते. अधू शिलेदाराला तो शोभतोही.

एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवावा. ‘शील्ड’साठी एक हात मोकळा लागतो. एका हातात तलवार व दुसऱ्यात ढाल घेतली, तर खास कौशल्य मिळवल्याशिवाय हा मंत्र टाकता येत नाही. भाला एका हाताने पेलतो. दुसरा हात मंत्रासाठी राहतो.

सातव्या पायरीवर साधा मंत्र टाकून त्याच पाळीत भाल्याचा एक वारही करता येतो. तोवर धीर धरावा.

तात्पर्य, जोडधंदा मुख्य धंद्याला आधार देणारा हवा, त्याचे भांडवल खाणारा नव्हे. दोन विद्या अंगी बाणवू पाहणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याने आपले २७ गुणांक याच हिशेबाने वाटावेत.