आधी करंट, मग पेट्रोल

चिरंजीव पुतण्यास,


होंडा सीबी ७५० फोर ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियो मोटर शोमध्ये लोकांसमोर आली आणि १९६९ मध्ये विक्रीला निघाली. जपानमध्ये तिची किंमत ३,८५,००० येन होती. इंजिन ७३६ सीसीचे, एका ओळीत चार सिलिंडर, प्रत्येकाला स्वतंत्र केहिन कार्ब्युरेटर. इग्निशन कॉइल मात्र दोन आणि पॉइंटचे संचही दोनच. १९७८ पर्यंतच्या सिंगल-कॅम गाड्यांची रचना हीच राहिली. कार्ब्युरेटर चार आणि कॉइल दोन, एवढा हिशेब ध्यानात ठेवला की बिघाड कोणत्या बाजूचा आहे हे बरेचदा काही न उघडताच कळते.

गाडी मिसिंग मारू लागली की बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो. तो आवरावा. स्पार्क कमजोर असला की पेट्रोल पुरते जळत नाही, प्लग काळा आणि ओला होतो, आणि मिश्रण रिच झाल्यासारखे दिसते. अशा वेळी एअर स्क्रू फिरवून मिश्रण लीन केले तर मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात दुसऱ्याची भर पडते. म्हणून क्रम ठरलेला आहे: टॅपेट, पॉइंट, टायमिंग आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर. टॅपेट गॅप इंजिन थंड असताना इनटेकला ०.०५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.०८ मिमी ठेवतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, गाडी चालवून पाहावी आणि काय बदलले ते वहीत लिहावे.

हत्यारांपैकी एक आधी मिळवावे लागते. जपानी गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू जपानी औद्योगिक मानकाप्रमाणे, म्हणजे जेआयएसप्रमाणे कापलेले असतात. त्यांत साधा फिलिप्स पेचकस लावला तर तो जोर येताच वर उचलला जातो आणि स्क्रूचे डोके खाऊन टाकतो. पॉइंटच्या झाकणाचे नि कार्ब्युरेटरचे स्क्रू असेच खराब होतात. जेआयएस पेचकस जपानमध्ये कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

पहिला प्रश्न: कोणता सिलिंडर काम करत नाही? थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात चारही सायलेन्सर पाइपांवर, हेडजवळ, पाण्याचा एकेक थेंब टाकावा. जिथे थेंब चरचरत नाही तो सिलिंडर मेलेला. एक आणि चार नंबर दोन्ही थंड असतील, किंवा दोन आणि तीन, तर दोष त्या जोडीच्या कॉइल, पॉइंट किंवा कंडेन्सरमध्ये शोधावा, कारण एक कॉइल दोन प्लगना एकाच वेळी स्पार्क देते. एकटाच सिलिंडर थंड असेल तर त्याचा प्लग, प्लग कॅप, वायर किंवा त्याचाच कार्ब्युरेटर.

स्पार्क पाहताना जोडीचे दोन्ही प्लग काढून, कॅप लावून, इंजिनाच्या धातूला टेकवावेत. एक कॅप लोंबती ठेवून स्टार्टर मारला तर कॉइलवर नको इतका ताण येतो. जवळ पेट्रोल सांडलेले नसावे. नागोयाच्या एनजीकेचा डी८ईए प्लग या गाडीला चालतो, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. स्पार्क पिवळा आणि अशक्त वाटला तर कॉइल बदलण्याआधी व्होल्टमीटर लावावा. बॅटरीवर आणि कॉइलच्या टोकाशी व्होल्ट मोजून दोन्ही आकड्यांची तुलना करावी. पन्नास वर्षांत किल्लीचा स्विच, किल स्विच आणि जोडण्या गंजतात. बॅटरीतले व्होल्ट वाटेतच खर्च झाले तर नवी कॉइलही रडतच चालते.

पॉइंट इंजिनाच्या उजव्या बाजूला, गोल झाकणाखाली आहेत. क्रँकच्या टोकाचा नट पान्याने घड्याळाच्या दिशेने फिरवला की कॅम एकेका पॉइंटला उघडतो. पॉइंट सर्वांत जास्त उघडलेला असताना गॅप ०.३ ते ०.४ मिमी हवी. फीलर गेजची ०.३५ ची पाती किंचित घासत जावी. अडकू नये आणि सैलही जाऊ नये. मग कोरा कागद पॉइंटमध्ये धरून एकदा ओढावा. गेजवरच्या तेलाचा अंशही तिथे राहिला तर पॉइंट जळतो. तोंडावर खड्डा आणि समोर उंचवटा दिसला तर पॉलिश पेपरने वेळ मारून नेता येते, पण कंडेन्सर संशयित धरावा. गाडी चालू असताना पॉइंटमध्ये मोठ्या ठिणग्या उडत असतील तर संशय पक्का.

गॅप बदलली की टायमिंग बदलते, म्हणून टायमिंग नेहमी गॅपनंतर. १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर डाव्या पॉइंटच्या टोकाला आणि दुसरी इंजिनाला लावून किल्ली चालू करावी. नट सावकाश फिरवताना १-४ ची 'एफ' खूण स्थिर खुणेसमोर येते त्याच क्षणी बल्ब पेटला पाहिजे. आधी किंवा उशिरा पेटला तर पॉइंटची मुख्य प्लेट सैल करून फिरवावी. त्यानंतर २-३ चे टायमिंग उजव्या पॉइंटच्या छोट्या प्लेटवर जुळवतात. हा क्रम उलटा केला तर पहिले काम वाया जाते, कारण मुख्य प्लेट हलली की दोन्ही पॉइंट हलतात.

इथवर सगळे ठीक असेल तरच कार्ब्युरेटर. दोष थ्रॉटलच्या कोणत्या टप्प्यावर येतो ते पाहावे. गाडी स्लोला बंद पडते किंवा चोक काढल्यावर थांबते: स्लो जेट आणि एअर स्क्रू. थ्रॉटल मध्यावर असताना धक्के देते: निडल आणि निडल जेट. पूर्ण थ्रॉटलला दम तुटतो: मेन जेट, किंवा टाकीच्या कॉकमधला कचरा. स्लो जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असते. ते उजेडाकडे धरून पाहावे. पलीकडे गोल ठिपका स्पष्ट दिसला नाही तर जेट क्लीनरमध्ये भिजवून हवा मारावी. तार घालू नये, छिद्र मोठे होते. एअर स्क्रू पूर्ण आत बसवून सुमारे एक फेरा बाहेर काढावा. आत फिरवला की मिश्रण रिच, बाहेर काढला की लीन.

हेड आणि कार्ब्युरेटर यांमधले रबर वयाने कडक होते आणि तिथून गाडी हवा ओढते. आयडलवर रबराभोवती पाण्याचा बारीक फवारा मारल्यावर आरपीएम बदलला तर रबर बदलावे. खालून पेट्रोल ओघळत असेल तर फ्लोट निडल आणि फ्लोटची उंची तपासावी.

प्लगचा रंग शेवटचा साक्षीदार. काजळी म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन, फिका तपकिरी म्हणजे ठीक. शिसेविरहित पेट्रोलवर तो जुन्या पुस्तकांतल्या चित्रांपेक्षा फिकाच दिसतो. जावा-येझदीवर हात बसलेल्याने एक फरक ओळखावा. टू-स्ट्रोकच्या प्लगवर तेलाचा अंश असायचाच. या फोर-स्ट्रोकमध्ये प्लग तेलकट असेल तर दोष रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमध्ये असतो, आणि तो ट्यूनिंगने जात नाही. चारही कार्ब्युरेटर सारखे ओढतात की नाही हे व्हॅक्यूम गेजवर सर्वांत शेवटी जुळवावे.

जपानमध्ये २५० सीसीवरच्या गाडीला दर दोन वर्षांनी शाकेन ही तपासणी करावी लागते. ती पार पडली म्हणजे पॉइंट नि जेट ठीक आहेत असे नाही. जून-जुलैतल्या त्सुयूच्या, म्हणजे तिथल्या पावसाळ्याच्या, दमट हवेत प्लग कॅपच्या आत ओल जाते, म्हणून पावसाआधी कॅप काढून वायरचे टोक पाहावे. थंडीत गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून चारही फ्लोट चेंबर रिकामे करावेत. त्यांची झाकणे तारेच्या क्लिपवर असल्याने हे हातासरशी होते. पेट्रोल आत वाळले की त्याचा चिकट थर पहिल्यांदा स्लो जेटमध्येच बसतो.

तुझा,
काका