बालवाडीची खोली: खर्च तीन फुटांच्या आत करा

बालवाडी काढायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिलं कोटेशन येतं ते भिंती रंगवणाऱ्याचं. ससा, हत्ती, इंद्रधनुष्य, कोपऱ्यात बाराखडी. चित्रकार चौरस फुटाला ६० ते १५० रुपये सांगतात, म्हणजे २०० चौरस फुटांच्या चित्रांना १२ ते ३० हजार सहज गेले. पालक खूश होतात, फोटो छान येतात. मूल मात्र त्या सशाकडे दोन दिवस बघतं आणि पुढे त्याला विसरतं. भिंतीवरचा ससा उचलता येत नाही, कशात भरता येत नाही, पाडून पुन्हा रचता येत नाही.

तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटीमीटर असते, पाच वर्षांच्या मुलाची ११०. त्याचं सगळं कुतूहल जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांच्या पट्ट्यात चालतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: आधी पैसा या पट्ट्यात घाला आणि उरला तर वर जा. मारिया माँटेसोरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, तेव्हा मुलांच्या मापाचं, त्यांना स्वतः हलवता येईल असं सामान हा त्यांच्या कामाचा पाया होता. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि आजूबाजूला सापडणाऱ्या वस्तूंमधून शिक्षणाची साधनं उभी केली. या दोन गोष्टी धरून चाललात तर खोली स्वस्तातही उत्तम होते.

खालचा हिशेब २० बाय २० फुटांची खोली आणि एका वेळी २० मुलं असा धरला आहे. दर अंदाजाचे आहेत. गावागणिक आणि हंगामागणिक ते मागेपुढे होतील, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारूनच ठरवा.

१. सुरक्षितता (६ ते ८ हजार)

हा खर्च सगळ्यात आधी. हाताला लागणारे प्लगपॉइंट बंद करा किंवा पाच फुटांवर घ्या. दारांच्या फटींत बोटं चेमटू नयेत म्हणून फिंगरगार्ड, एक अग्निशामक सिलिंडर आणि प्रथमोपचाराची पेटी हवीच. ज्या मांडणीवर मूल चढू शकतं, ती भिंतीला एल अँगलने पक्की करा.

२. बुटक्या मांडण्या (चार नगांचे १४ ते १८ हजार)

खोलीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. वस्तू दिसली, हात पोचला, तर मूल ती स्वतः घेतं आणि जागेवर ठेवतं. कपाटात कुलपाआड असली तर प्रत्येक वेळी ताईंची परवानगी मागावी लागते आणि खेळ ताईंच्या मर्जीवर चालतो.

सुताराला माप असं द्या: ४ फूट रुंद, २ फूट उंच, तीन फळ्या. १८ मिलिमीटरच्या आठ बाय चारच्या शीटचे लांबीत चार पट्टे पाडले की करवतीची फट जाऊन प्रत्येक पट्टा पावणेबारा इंचांचा मिळतो. तीन पट्ट्यांतून सहा फळ्या, चौथ्यातून चार बाजू. म्हणजे एका शीटमध्ये दोन मांडण्या निघतात आणि तुकडा वाया जात नाही. मागे ६ मिलिमीटरचा प्लाय. सनमायका, स्क्रू आणि सुताराची दोन दिवसांची मजुरी धरून दोन नगांना ७ ते ९ हजार पडतात. कोपरे गोल मारून घ्या, कडांवरून स्वतः तळहात फिरवून बघा आणि मगच शेवटचा हप्ता द्या.

३. जमीन (अडीच ते साडेतीन हजार)

सबंध खोलीत फोमच्या मॅट घालण्याचा मोह होतो. पण फोमवर ठोकळ्यांचा मनोरा डुगडुगतो. चार ठोकळे चढले की कोसळतो, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. रचण्याच्या जागी कडक, सपाट फरशीच हवी. आवाज कमी व्हावा म्हणून पातळ सतरंजी पुरते. दोन मोठ्या सुती सतरंज्या घ्या, त्या धुता येतात. चढ-उतार आणि उड्यांच्या कोपऱ्यापुरत्याच मॅट लागल्या तर त्या नंतर आणा.

४. ठोकळे (६ ते ८ हजार)

अमेरिकेत कॅरोलिन प्रॅट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेले ठोकळे आजही जगभर वापरात आहेत, कारण त्यांचं प्रमाण १:२:४ आहे. दोन छोटे मिळून एक मोठा होतो, आणि मूल निम्मं-दुप्पट हातांनी शिकतं. वखारीतून पाइन घेऊन साडेपाच बाय पावणेतीन इंचांचे, जाडी त्याच्या निम्मी, असे दीडशे ठोकळे सुताराकडून कापून, काचपेपर मारून घेता येतात. रंग लावू नका.

५. पाणी आणि वाळू (२ ते अडीच हजार)

दोन रुंद टब, धुतलेली वाळू, नरसाळं, चाळणी, ओगराळं, वेगवेगळ्या मापांच्या वाट्या. पाण्याचा टब मोरीजवळ ठेवा म्हणजे सांडल्याचा धाक राहत नाही. वाळू रात्री झाकायलाच हवी, नाहीतर मांजरं तिचा ताबा घेतात.

६. भातुकली आणि मंडई (दीड ते अडीच हजार)

प्लॅस्टिकच्या खोट्या किचनसेटपेक्षा जुन्या भांड्यांच्या दुकानातली खरी पातेली, झारे, तराजू आणा. सावंतवाडीची लाकडी फळं मिळाली तर मंडई सजते. तीन वर्षांखालचं मूल येत असेल तर चिंचोके, गोट्या, मणी बाहेर ठेवू नका. ते घशात अडकतात.

७. बसणं, वाचणं, बघणं

वीस मुलांना वीस खुर्च्या लागत नाहीत. आठ खुर्च्या आणि दोन टेबलं पुरतात (७,८०० ते ११ हजार). बाकीची मुलं जमिनीवर खेळतात. खुर्चीची बैठक १० इंच आणि टेबल १८ इंच असावं, मुलाचे पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत. चित्रांची पुस्तकं आणि ती मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवायला शिवलेले कापडी खिसे यांना ५ ते ६ हजार. जमिनीलगत आडवा ॲक्रिलिकचा आरसा, काचेचा नव्हे, १ ते दीड हजार. दहा फूट लांब आणि तीन फूट उंच पट्ट्याला काळा फळ्याचा रंग, ६०० ते ९०० रुपये. या एका पट्ट्यावर मुलं वर्षभर स्वतःची चित्रं काढतील.

बेरीज आणि क्रम

सगळं मिळून ४६ ते ६२ हजार. भिंती खराब असतील तर फिकट, धुता येणाऱ्या इमल्शनचे १२ ते १६ हजार वेगळे धरा. हातात वीसच हजार असतील तर सुरक्षितता, दोन मांडण्या, सतरंज्या आणि वाळू-पाणी एवढंच करा, आणि मांडण्या घरोघरच्या डब्यांनी, झाकणांनी, कापडाच्या तुकड्यांनी भरा. कर्ज काढून सजावट करू नका.

बिल देण्याआधी

दुकानातल्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, म्हणून डब्यावरची माहिती वाचा आणि सुटा, बिनलेबलचा रंग घेऊ नका. सुताराला एकतृतीयांश आगाऊ, एकतृतीयांश सांगाडा उभा राहिल्यावर आणि उरलेले काम तपासल्यावर द्या.

खोली एकदा मांडून संपत नाही, त्यामुळे दर वर्षी पाच-सहा हजार बाजूला ठेवा. वाळू बदलावी लागते, ठोकळ्यांच्या कडा पुन्हा घासाव्या लागतात, पुस्तकं फाटतात. फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक, तेव्हा त्याचा राग मानू नका. महिन्यातून एकदा मांडणीवरच्या निम्म्या वस्तू आत ठेवून दुसऱ्या बाहेर काढा. या बदलाला एक पैसा लागत नाही, आणि मुलांना विचारायला नवे प्रश्न मिळतात.