आधी ताटाची वेळ पक्की करा

संग्रहालयाची सहल बिघडते ती बहुतेक वेळा संग्रहालयात नाही, जेवणाच्या टेबलाशी. साठी-सत्तरीच्या पुढची चाळीसेक माणसं घेऊन पुण्याला जायचं असेल, तर बस, तिकिटं, मार्गदर्शक या सगळ्याच्या आधी एकच गोष्ट ठरवावी लागते: ताट नक्की किती वाजता समोर येणार? ती वेळ ठरली की बाकीचं सगळं तिच्या मागेपुढे बसवता येतं. उलट्या क्रमाने आखलेल्या सहलीत काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आमचा साताऱ्यातला ज्येष्ठ नागरिकांचा गट. राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहायचं, मार्गदर्शकाकडून समजून घ्यायचं आणि पुण्यात मराठी थाळी जेवून परत यायचं, एवढाच बेत होता. आखणी एका सहलवाल्याकडे दिली होती. त्याने पैसा वसूल व्हावा म्हणून त्यात सकाळी शनिवारवाडा घातला आणि जेवणानंतर दगडूशेठ आणि सारसबाग. कागदावर यादी भरगच्च दिसत होती. शनिवारवाड्याच्या उन्हात तासभर गेला, बाजीराव रोडच्या गर्दीत बस अडकली आणि संग्रहालयाच्या वाट्याला जेमतेम पन्नास मिनिटं उरली. मार्गदर्शक भला माणूस होता, पण चाळीस जणांच्या घोळक्यात मागच्यांना त्याचा आवाजच पोचत नव्हता.

एक वाजता टेबलं तयार आहेत, असं सहलवाल्याने सांगितलं होतं. त्या भरवशावर आमच्यातल्या एका काकांनी पाऊणच्या सुमारास इन्सुलिन टोचून घेतलं. जेवणाआधीचं इन्सुलिन साधारण पंधरा ते तीस मिनिटं आधी घेतात, त्यांचा हिशेब बरोबरच होता. डायनिंग हॉल पहिल्या मजल्यावर. जिन्यावरच कळलं की आमच्या टेबलांवर दुसरा मोठा गट बसवला आहे, ती पंगत उठली की आपली. काउंटरवर विचारलं की दर वेळी उत्तर एकच, ‘पाचच मिनिटं.’ दीड वाजून गेला तरी आम्ही जिन्यात उभे.

काका बोलता बोलता गप्प झाले. कपाळावर घाम, हात थरथरत होते, आणि काय होतंय विचारलं तर भलतंच उत्तर. कुणीतरी घाईघाईने पिशवीतला पेढा पुढे केला. आमच्या एका वहिनी पूर्वी परिचारिका होत्या, त्यांनी तो हात अडवला. त्यांनी हॉलमधून तीन चमचे साखर आणि पाणी मागवलं, साखर विरघळवली आणि काकांना शुद्ध आहे, गिळता येतंय याची खात्री करून घोट घोट पाजलं. पेढ्यात खव्याचं तूप असतं, त्यामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो; अशा वेळी नुसती साखर किंवा ग्लुकोजच हवं. पंधरा मिनिटांनी बोटातून रक्त घेऊन तपासलं, आकडा अजून 70 च्या खालीच होता, म्हणून पुन्हा तेवढंच दिलं. दुसऱ्या तपासणीला काका आमच्याकडे बघून नीट बोलायला लागले. मग जेवण आलं. त्या दिवशी बासुंदी होती, पण कुणाला चव लागली नाही.

वहिनी बसमध्ये नसत्या तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. आता आमच्या गटात नियम आहे: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना आधी विचारायचं, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं. पण ‘बाहेरगावी जेवणाची वेळ पुढे सरकली तर मी काय करू?’ हा प्रश्न निघण्यापूर्वीच विचारलेला असला पाहिजे. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या खिशात ग्लुकोजची पुडी, आणि गटाच्या पिशवीत साखर, पाण्याची बाटली, ग्लुकोमीटर. शेंगदाण्याचे, राजगिऱ्याचे लाडू अकराच्या सुमाराला सगळ्यांनाच द्यावेत. पोटात काहीतरी असलं की पाय उभे राहतात आणि कानही ऐकतात.

डायनिंग हॉलशी बोलताना ‘चाळीस ताटं’ एवढं सांगून फोन ठेवू नये. एका पंगतीत सगळे बसतील की दोन पंगती करणार? आमच्या आधी त्या टेबलांवर कुणी आहे का? हॉल कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, कमोड आहे का? पुण्यात थाळीचे कितीतरी हॉल वरच्या मजल्यावर आहेत आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो एक जिना दिवसभरात सगळ्यात अवघड जातो. मी आता जमलं तर आधी स्वतः जाऊन तिथे एकदा जेवून येते. आगाऊ रक्कम दिली की वेळ, ताटांची संख्या आणि ‘एकाच पंगतीत’ हे शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेते. आदल्या संध्याकाळी एक फोन आणि संग्रहालयातून निघताना एक. रविवार टाळते, कारण रविवारी दुपारी पुण्यात चांगल्या हॉलबाहेर रांगा असतात आणि मोठ्या गटाला कुणालाही नीट वाढता येत नाही.

आणि पंचांग बघा, हे मी कळकळीने सांगते. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार यांपैकी काही आलं तर निम्मी मंडळी उपासाची निघतात आणि थाळीचे पैसे तर भरलेले असतात. गुरुवार करणारेही बरेच असतात. नावं घेतानाच उपास, कांदा-लसूण, दातांची अडचण हे विचारून लिहून ठेवलं की हॉलवालेही मऊ भात, कमी तिखट आमटी वेगळी काढून ठेवतात. न सांगता कुणी करत नाही, सांगितलं तर आनंदाने करतात.

संग्रहालयाचा वार मात्र फोन करूनच ठरवावा. सगळी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, असं आपण गृहीत धरून चालतो. मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं, शेजारची राणीची बागही बुधवारीच. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. एकाच दिवसात दोन ठिकाणं जोडायला जाल तर असा एखादा वार मध्ये येतो.

एका सकाळी एकच संग्रहालय, हे माझं ठाम मत झालं आहे. काही महिन्यांनी आम्ही पुन्हा केळकर संग्रहालयातच गेलो, या वेळी आखणी आमची. साताऱ्याहून सातला निघालो, खंबाटकीचा बोगदा ओलांडून नाश्ता केला आणि साडेदहाला आत होतो. बाजीराव रोड एकेरी आणि अरुंद, तिथे बस उभी करायला जागा नाही. ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं की माणसं उतरव आणि निघ, फोन केला की ये. तेवढ्यावर अर्ध्या तासाचा गोंधळ वाचला. गटाचे दोन भाग केले, वीस-वीस जणांचे. एकाने खालून सुरुवात केली, दुसऱ्याने वरून. ज्यांना जिने नको होते ते खालच्या दालनांतच रमले, त्यांच्यासोबत मी थांबले. प्रत्येक गटाच्या शेवटी एक माणूस ठेवला होता. त्याचं काम एकच, आपल्या मागे कुणी राहू द्यायचं नाही.

मार्गदर्शकाशी आधी फोनवर बोलले, ते सगळ्यात कामी आलं. कोण येणार आहेत ते सांगितलं: शेतकरी कुटुंबातल्या आज्या, निवृत्त शिक्षक, एक सोनार. सगळं दाखवू नका, निवडून दाखवा, आणि आमच्या माणसांना बोलू द्या, अशी विनंती केली. या संग्रहालयात ही विनंती विशेष महत्त्वाची. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990), ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे, यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव फिरून घरातल्या वापराच्या वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. पुढे हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. 20,000 हून अधिक वस्तू, त्यातल्या थोड्याच एका वेळी मांडलेल्या. दिवे, अडकित्ते, कुलपं, अत्तरदाण्या, कोरीव दरवाजे, वाद्यं, कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल. या वस्तू ज्यांनी हाताळल्या आहेत अशी माणसं आता आपल्याच गटांत उरली आहेत.

वज्रींच्या कपाटापाशी मार्गदर्शकाने सांगितलं की या पाय घासायच्या. पंच्याऐंशी वर्षांच्या एक आजी काचेच्या अगदी जवळ गेल्या आणि म्हणाल्या, ‘‘अहो, नुसत्या घासायच्या नाहीत. आधी पाय कोमट पाण्यात भिजवायचे, मग टाचेला ही खालची खरबरीत बाजू अशी गोल फिरवायची, आडवी-उभी नाही. वरचा हा मोर धरायला. ओल्या हातातून निसटू नये म्हणून.’’ त्यांनी हवेत मूठ वळून दाखवली, बोटं मोराच्या मानेवर कशी बसतात ते. मार्गदर्शकाने वही काढून लिहून घेतलं. मग अडकित्त्यांपाशी सोनारकाका बोलायला लागले, खीळ कुठे मारली आहे, पातं कुठे जोडलं आहे. वाद्यांच्या दालनात एका शिक्षकांनी शेजारच्याला सारंगीच्या तरफेच्या तारा कशासाठी असतात ते समजावलं. दहा-बारा वस्तूंवर पावणेदोन तास गेले आणि कुणी घड्याळ पाहिलं नाही, कारण ताट पाऊणला येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

ते पाऊणलाच आलं. तळमजल्यावरचा हॉल, लांब टेबलं, सगळे एका पंगतीत. मार्गदर्शकालाही आम्ही जेवायला बोलावलं होतं; हा खर्च प्रत्येक गटाने धरावाच. संग्रहालयात जे प्रश्न विचारायचा संकोच वाटतो ते आमटी-भातावर मोकळेपणाने निघतात. खालच्या मजल्यावर थांबलेल्यांना वरच्यांनी वर काय पाहिलं ते सांगितलं. काकांनी पोळीचा पहिला घास समोर दिसल्यावर, वहिनींना दाखवून, सुई घेतली.

जेवणानंतर दुसरं ठिकाण ठेवू नका. अर्धा तास बसायला जागा हवी, ती हॉलवाल्यांशी आधीच बोलून घ्यावी. आम्ही तीनच्या आत पुणं सोडतो, म्हणजे कात्रजची संध्याकाळची गर्दी लागत नाही आणि अंधार पडायच्या आत सगळे घरी पोचतात. वर्गणी घेताना माणशी शंभर-दोनशे जास्त घ्यावेत, खर्च होऊन उरतील ते आठवड्याच्या आत हिशेबाच्या कागदासह परत करावेत. पुढच्या सहलीची नावं त्याच कागदाच्या मागे घ्यायला लागतात.