आधी वाचा, मग खरवडा

जुनी इटालियन गाडी घेऊन ती 'जशी होती तशी' करायची हौस असलेली मंडळी मला अधूनमधून फोन करतात. पहिला प्रश्न रंगाचा, दुसरा सुट्या भागांचा, तिसरा खर्चाचा. पुराव्याबद्दल कुणी विचारत नाही. माझ्या गाडीचा बराचसा पुरावा एका दुपारी वाळूच्या फवाऱ्याखाली गेला, त्यामुळे मी उत्तराला सुरुवात तिथूनच करते.

गाडी अल्फा रोमिओ जीटी १३०० ज्युनिअर, १९६८ सालची. मी पुण्याहून तोरिनोला आले ती मोटारींच्याच नोकरीसाठी. रोज संगणकावर नव्या गाड्यांचे सांधे बघायचे आणि संध्याकाळी रस्त्यावर एखादी जुनी अल्फा दिसली की मान वळायची. या गाडीचा आकार जॉर्जेत्तो जुजारो याने बेर्तोने या डिझाइन कंपनीत असताना, ऐन विशीत आखला. १९६३ मध्ये ती जुलिया स्प्रिंट जीटी या नावाने मिलानजवळच्या आरेझे इथल्या नव्या कारखान्यातून बाहेर पडली. १९६६ मध्ये १२९० सीसीचं इंजिन घालून धाकटी ज्युनिअर आली. सुरुवातीच्या गाड्यांत बॉनेटची पुढची कड नाकाच्या पत्र्यापेक्षा किंचित वर राहते आणि तिथे बोटाला लागेल अशी छोटी पायरी तयार होते. पुढे ती पायरी काढून टाकली गेली. आज जाणकार मुद्दाम पायरीवालीच शोधतात.

मला मिळालेली गाडी लालभडक होती. इटालियन स्पोर्ट्‌स कार लालच असायला हवी, हा समज इटलीतही आहे, आणि त्यापायी किती पांढऱ्या, करड्या, निळ्या गाड्या लाल झाल्या त्याची गणती नाही. माझ्या गाडीची ती पायरी एका बाजूने जवळजवळ बुजलेली होती. खिशातला चुंबक टेकवला तर तो घसरून खाली पडला. आत पत्रा नव्हता, लांबी होती. (शर्यतीसाठी केलेल्या जीटीएवर चुंबक पडतो तो वेगळ्या कारणाने, १९६५च्या त्या गाडीचे बाहेरचे पत्रे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते. कुणी जीटीए म्हणून गाडी दाखवली आणि चुंबक घट्ट चिकटला, तर चहा घ्या आणि निघा.) इंजिनाचंही तसंच. ज्युनिअरच्या ब्लॉकवर ००५३० हा प्रकार-क्रमांक हवा. इथे ००५१२ होता, म्हणजे २००० सीसीचं इंजिन. विकणाऱ्याने ते मला मोठा फायदा म्हणून सांगितलं. चालवायला फायदाच आहे, नाकारत नाही. पण मला १९६८ साली आरेझेतून निघालेली गाडी हवी होती.

पत्र्याच्या कामासाठी शहराबाहेरचं एक गॅरेज गाठलं. मालक हुशार, हाताला कला, पत्रा ठोकायला लागला की बघत राहावं. ठरलं होतं ते एवढंच, की तळाचा सडलेला पत्रा आणि दाराखालच्या पट्ट्या उघडायच्या, बाकी कशालाही हात लावायचा नाही. मी कामासाठी बाहेरगावी गेले होते. परत आले तर अख्खा सांगाडा राखाडी, कोरा, खडबडीत. एका बाजूला बॉनेट भिंतीला टेकवून ठेवलेलं.

"इंजेन्येरे (इंजिनिअर बाई), बघा तरी, गंजाचा एक कण उरला नाही!"

त्याला शाबासकी हवी होती, आणि खरं सांगायचं तर त्याच्या हिशेबाने त्याने माझे पैसे वाचवले होते. मी बॉनेटवर तळहात ठेवून हलकं दाबलं. पत्रा टणकन आत गेला, हात उचलला तसा टुणकन बाहेर आला. मोठ्या सपाट पत्र्यावर जोराचा फवारा मारला की वाळूच्या माऱ्याने त्याचा पृष्ठभाग ताणला जातो आणि पत्रा कुठेतरी फुगतो. तो फुगवटा पुन्हा बसवणं भल्याभल्यांना जमत नाही. छत आणि बॉनेट यांना वाळू लावूच नये. रंग उतरवायचा तर रसायनाने किंवा हाताने.

बॉनेट निदान दुसरं मिळतं. गेलं ते दुसरंच. डिकीच्या आतल्या कोपऱ्यात कारखान्यातल्या कामगाराने घाईने मारलेला, कडेला विरळ होत गेलेला रंग. तळावर चिकटवलेल्या डांबरी चादरींचा आकार आणि जागा. सांध्यांत भरलेल्या सीलंटवरचे ब्रशचे ओरखडे. डॅशबोर्डमागे, जिथे पुढच्या कुठल्याच रंगाऱ्याचा हात पोचला नसेल, तिथला पहिला थर. अशा गोष्टी कुठल्याही पुस्तकात छापलेल्या नसतात, आणि दुसऱ्या गाडीवरून उतरवाव्यात तर ती गाडीही तशीच राहिलेली असावी लागते.

म्हणून पहिलं सांगणं: गाडी ताब्यात आली की धुऊसुद्धा नका. आधी फोटो. वायरचा घोळका कुठून वळतो, पाइपची क्लिप कोणत्या तोंडाने बसलीय, बोल्टच्या डोक्यावर कुणाचा शिक्का आहे, काचेच्या कोपऱ्यात काय कोरलंय, दाराच्या आतल्या फळीमागे खडूने काही लिहिलंय का. प्रत्येक भाग निघाला की त्याची पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. कंटाळवाणं काम आहे, पण ते पत्नीवर, नवऱ्यावर किंवा गॅरेजमधल्या पोऱ्यावर सोपवू नका. आणि काय उघडायचं, काय नाही, हे कारागिराला कागदावर लिहून द्या, त्याची सही घ्या. तोंडी ठरलेलं पुढच्या सोमवारपर्यंत टिकत नाही.

माझं नशीब एवढंच, की कुलूप बिघडलं म्हणून डिकीचं झाकण मी आधीच घरी आणून ठेवलं होतं. त्याच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढी जागा हळूहळू घासत गेले. वर लाल, त्याखाली करडा प्रायमर, मग जरा वेगळा, विटकरी लाल, पुन्हा प्रायमर, आणि मग दुधात किंचित पिवळसर झाक असावी असा पांढरा. गावाकडच्या देवाचं शेंदराचं कवच निघाल्यावर आत भलतीच सुबक मूर्ती दिसावी, तसं झालं मला. आरेझेच्या संग्रहालयातल्या दस्तऐवज विभागाकडून चासी क्रमांकावरून दाखला मागवला होता. त्यातही रंग बियांकोस्पीनो, म्हणजे पांढराच निघाला. कागद आणि पत्रा दोघं एकच बोलतात तेव्हाच मान डोलवावी. नुसत्या कागदावर किंवा नुसत्या पत्र्यावर विसंबणारे फसतात.

रंगाचं नाव कळलं म्हणजे रंग मिळाला असं नाही. जुना पांढरा वयानुसार बदलतो, म्हणून नमुना एकाच जागेचा घेऊ नका. काचेच्या रबराखालचा, बिजागरीमागचा, असे दोनतीन घ्या. आज गॅरेजवाले रंगावर चकचकीत पारदर्शक थर चढवतात. १९६८ साली तसा थर नव्हता. एकथरी रंग मागून घ्या, आग्रह धरा, कारण त्या वरच्या थराने सगळी गाडी काचेत बुडवल्यासारखी दिसते आणि जाणकाराला ते वीस पावलांवरून कळतं.

आता जिथे सर्वांत जास्त गाड्या बिघडतात तिकडे वळते. गंजाने बिघडतात त्याहून जास्त गाड्या सुधारण्याने बिघडतात, असं माझं मत आहे. आरेझेत ज्यांनी उमेदीची वर्षं काढली असे एक आजोबा माझी गाडी बघायला आले. दाराखालच्या पट्टीची कड गॅरेजवाल्याने लांबी भरून आरशासारखी गुळगुळीत केली होती. आजोबा गुडघ्यावर बसले, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इथे वेल्डिंगचे खळगे असायचे. बुजवत बसायला आमच्याकडे वेळ कुणाला होता?" ती कड पुन्हा उघडली. त्या गाड्यांवर स्पॉट वेल्डिंगचे खळगे दिसतात, ते दिसलेच पाहिजेत.

हे एकट्या अल्फाचं नाही. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ झाल्या. मोदेनात स्काल्येत्तीच्या कारागिरांनी त्यांचे पत्रे हाताने ठोकले. डावी आणि उजवी बाजू तंतोतंत जुळत नाही. आजचा कारागीर लेझरने मोजून दोन्ही बाजू सारख्या करू शकतो. तशी केली की गाडी सुंदर दिसते आणि खोटी होते. दारांच्या फटी, रंगावरची संत्र्याच्या सालीसारखी खरखर, साध्या झिंकचा मुलामा असलेल्या बोल्टांऐवजी चमकणारं क्रोम. सगळीकडे हाच मोह. सीटवर कातडं चढवण्याचाही. ज्युनिअरला रेक्झिनच होतं, अल्फाचं स्वतःच्या नावाचं. कातडं भारी असेल, पण ते या गाडीचं नाही.

जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फीवा हिने तोरिनोची सनद म्हणून एक मसुदा केला आहे. वास्तूंसाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली, तिच्या धर्तीवर. आधी जतन, मग दुरुस्ती, पुनर्निर्मिती अगदी नाइलाजाने, असा तिचा रोख. इटलीत काम सुरू करण्याआधी वाचाच. इथे वाहन कायद्याच्या ६०व्या कलमाखाली गाडीला ऐतिहासिक दर्जा हवा असेल तर मान्यताप्राप्त नोंदवहीत नाव लागतं. अल्फासाठी १९६२ पासूनची अल्फा रोमिओची नोंदवही आहे, नाहीतर १९६६ पासूनच्या एएसआय या संघटनेची.

इंजिनाच्या बाबतीत एक पथ्य. मी ००५३०चा ब्लॉक शोधला, मिळायला वेळ लागला, पण मिळाला. त्यावर जुना क्रमांक होता, अर्थातच दुसऱ्या गाडीचा. तो घासून सोयीचा आकडा ठोकून देणारे लोक भेटतात. मलाही भेटले, आणि 'सगळेच करतात' असंही ऐकवलं. ते बनावट काम आहे, आणि चासी क्रमांकाला कुणी हात लावला तर गाडी जप्त होऊ शकते. आहे तो आकडा राहू द्या.

अचूकतेचा हट्ट कुठे सोडायचा तेही सांगते. ब्रेकचे आणि पेट्रोलचे रबरी पाइप नवे, आजच्या इंधनाला टिकणारे घाला. टायर जुन्या मापाचे आणि जुन्या नक्षीचे हवेत, पण नव्याने बनवलेले. वय झालेलं रबर कितीही मूळ असो, फेकून द्या. आणि मूळ ब्रेक पॅड, क्लच प्लेट, गॅस्केट यांत अॅस्बेस्टॉस असतो. इटलीने त्यावर १९९२ मध्ये बंदी घातली, पण जुन्या गाडीच्या ब्रेक ड्रममध्ये नि क्लचच्या घंटेसारख्या आवरणात त्याची धूळ अजून बसलेली असते. हवेच्या नळीने ती उडवू नका. मास्क लावा, ओल्या फडक्याने टिपा.

माझ्या गाडीची फाइल जाडजूड झाली आहे. तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय: बॉनेट मूळ नाही; ब्लॉक योग्य प्रकाराचा, पण दुसऱ्या गाडीचा; तळाचा पत्रा नवा; अंगावरचा रंग डिकीच्या झाकणावरच्या मूळ थरावरून जुळवलेला, तो नमुना झाकणाच्या आत न झाकता ठेवला आहे. तुम्हीही असं पान करा आणि गाडी विकाल तेव्हा सोबत द्या. घेणारा किंमत थोडी पाडून मागेल. मागू द्या.