डाळिंब मुरवलेली वोडका : भेट द्यावी का?

प्रश्न : दिवाळीला मित्रांना घरी डाळिंब मुरवलेली वोडका द्यायची आहे. त्यात विषारी मिथेनॉल तयार होतं म्हणतात, खरं का?
– एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : ती भीती सोडा. मिथेनॉलचा धोका बेकायदा, भेसळीच्या दारूत. सीलबंद वोडकात आंबवण होत नाही. दाणे फिके पडतात, रंग-चव वोडकात उतरते. फळ मात्र धुऊन कोरडं करा, पूर्ण बुडवा. वर उघडं राहिलं तर बुरशी धरते.

खरी अडचण कायद्याची. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार मद्य बाळगायला, प्यायला परवाना लागतो. बिनपरवाना मद्यनिर्मिती गुन्हा आहे. म्हणून वाटण्याआधी राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात विचाराच.

त्यापेक्षा डाळिंबाचं सरबत द्या. वाटीभर रसाला वाटीभर साखर, एक उकळी, गार झाल्यावर लिंबू. बाटली फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. मित्रांची मुलंही पितील.